लिपिड : रचना आणि कार्य

प्रस्तावना

कुंभकोणम् परिसरात, चोळपुरम्‌च्या आसपास, भाताची कापणी झाली की बऱ्याच शेतांत उडीद किंवा तीळ पेरतात. या तिळाचे तेल इथल्या स्वयंपाकाचा पाया आहे. तमिळमध्ये त्याला 'नल्लेण्णेय्' म्हणजे 'चांगले तेल' म्हणतात. 'एण्णेय्' हा शब्द मुळात 'एळ्' म्हणजे तीळ आणि 'नेय्' म्हणजे तूप या दोन शब्दांपासून झाला आहे. मराठीतला 'तेल' हा शब्दही संस्कृत 'तिल'पासूनच आला. म्हणजे दोन वेगळ्या भाषाकुळांनी सगळ्या तेलांना नाव दिले ते एकाच बीवरून. भोसल्यांच्या राजवटीपासून तंजावर भागात राहणाऱ्या मराठी घरांत हे दोन्ही शब्द रोज ऐकू येतात, आणि दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान दोन्ही समाजांत तितक्याच निष्ठेने होते.

पण तेल हा लिपिडांचा एक लहानसा भाग आहे. दुधावरची साय, कोकमाच्या बियांतून निघणारे घट्ट मुठेल, स्वामिमलै येथील मूर्तिकारांचे मेण, केळीच्या पानावरून पाणी ओघळू देणारा थर, रक्ततपासणीच्या अहवालातील कोलेस्टेरॉल आणि आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटल, ही सगळी लिपिडेच. या पाठात आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. लिपिड म्हणजे नेमके काय? त्यांच्या रेणूंचा आकार कसा असतो? आणि त्या आकारामुळे सजीवांत त्यांना कोणती कामे करता येतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात दडलेले आहे. म्हणून रचनेचा भाग घाईने वाचू नका.

१. व्याख्या

प्रथिने अमिनो आम्लांची, पिष्टमय पदार्थ शर्करांचे आणि न्यूक्लिइक आम्ले न्यूक्लिओटाइडची बनलेली असतात. लिपिडांचे तसे नाही. त्यांना एकच एक घटक नाही आणि ती बहुवारिकेही नाहीत. त्यांची व्याख्या गुणधर्मावरून करतात. पाण्यात जवळजवळ न विरघळणारी, पण ईथर, क्लोरोफॉर्म, हेक्झेन अशा अध्रुवी द्रावकांत विरघळणारी जैविक संयुगे म्हणजे लिपिडे.

याचे कारण विद्युतभारात आहे. पाण्याचा रेणू ध्रुवी असतो. त्याच्या एका बाजूला किंचित ऋण, तर दुसऱ्या बाजूला किंचित धन भार असतो, आणि पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. लिपिडांच्या रेणूंत कार्बन व हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या असतात, त्यांवर असे भार नसतात. साखळी पाण्यात शिरली तर तिच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना अधिक शिस्तीत उभे राहावे लागते आणि त्यांची एन्ट्रॉपी घटते. साखळ्या एकत्र आल्या की पाण्याला पुन्हा मोकळीक मिळते. तेलाचे थेंब पाण्यावर एकत्र येतात ते मुख्यतः यामुळे. उष्मागतिकी शिकलेल्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण पेशीपटल तयार होण्यामागे हेच तत्त्व आहे.

आपल्या घरची फोडणी हे याचे रोजचे उदाहरण. हळदीचा पिवळा रंग आणि मिरचीचा तिखटपणा देणारे रेणू पाण्यात फारसे उतरत नाहीत, तेलात लगेच उतरतात. फोडणी ही खरे तर द्रावक वापरून केलेली निष्कर्षण प्रक्रियाच आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही मेदात विरघळणारी आहेत. गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर फोडणी घातली की त्यातले कॅरोटीन शरीरात अधिक चांगले शोषले जाते, ते यामुळेच.

२. वर्गीकरण

अभ्यासाच्या सोयीसाठी लिपिडांचे पुढीलप्रमाणे गट करतात.

(अ) साधी लिपिडे : मेदाम्ल आणि अल्कोहोल यांची इस्टरे. तेले, चरबी आणि मेणे यांत येतात.
(आ) संयुक्त लिपिडे : मेदाम्ल व अल्कोहोल यांखेरीज फॉस्फेट, शर्करा असा आणखी एखादा घटक असलेली. फॉस्फोलिपिडे आणि ग्लायकोलिपिडे यांत येतात.
(इ) साधित लिपिडे व स्टेरॉइडे : मेदाम्ले, कोलेस्टेरॉल, स्टेरॉइड संप्रेरके, मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे इत्यादी.

३. मेदाम्ले : सरळ काठी आणि वाकलेली काठी

मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी आणि तिच्या एका टोकाला असलेला कार्बॉक्सिल गट. सजीवांतील बहुतेक मेदाम्लांत कार्बनची संख्या सम असते आणि ती साधारणपणे १२ ते २२ च्या दरम्यान असते. पेशी ही साखळी दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत बांधते, म्हणून संख्या सम.

साखळीत सगळे बंध एकेरी असतील तर ते संतृप्त मेदाम्ल. एक किंवा अधिक द्विबंध असतील तर असंतृप्त. निसर्गात हे द्विबंध बहुधा 'सिस' प्रकारचे असतात, म्हणजे द्विबंधाजवळच्या साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला असतात. त्यामुळे साखळीला तिथे बाक येतो. पुढील वितळबिंदू काळजीपूर्वक पाहा.

लॉरिक आम्ल (१२ कार्बन, द्विबंध नाही) : सुमारे ४४ अंश सेल्सिअस
पामिटिक आम्ल (१६ कार्बन, द्विबंध नाही) : सुमारे ६३ अंश
स्टिअरिक आम्ल (१८ कार्बन, द्विबंध नाही) : सुमारे ६९ अंश
ओलिइक आम्ल (१८ कार्बन, १ सिस द्विबंध) : सुमारे १३ अंश
लिनोलिइक आम्ल (१८ कार्बन, २ सिस द्विबंध) : सुमारे उणे ५ अंश
अल्फा-लिनोलेनिक आम्ल (१८ कार्बन, ३ सिस द्विबंध) : सुमारे उणे ११ अंश
इलायडिक आम्ल (१८ कार्बन, १ ट्रान्स द्विबंध) : सुमारे ४५ अंश

यातून तीन गोष्टी समजतात. साखळी लांब झाली की वितळबिंदू वाढतो. १८ कार्बनच्या साखळीत एकच सिस द्विबंध आला की वितळबिंदू पन्नासहून अधिक अंशांनी खाली येतो. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची नाही, तसेच हे आहे. तिसरी गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. ओलिइक आणि इलायडिक आम्लांत अणू तेच, संख्याही तीच. फरक आहे तो द्विबंधाच्या भूमितीत. ट्रान्स द्विबंधाने साखळी जवळजवळ सरळच राहते आणि वितळबिंदू पुन्हा ४५ अंशांवर जातो. ही ओळ सहाव्या भागात पुन्हा उपयोगी पडेल.

लिनोलिइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही आम्ले मानवी शरीर तयार करू शकत नाही. ती आहारातूनच मिळवावी लागतात, म्हणून त्यांना आवश्यक मेदाम्ले म्हणतात. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की आहारातून मेद पूर्णपणे काढून टाकला तर वाढ खुंटते आणि त्वचेचे विकार होतात. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलिइक आम्ल भरपूर, साधारण तीन चतुर्थांश असते. जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. विदर्भ-मराठवाड्यातील जेवणात जवसाची चटणी असते. शाकाहारी माणसासाठी ती ओमेगा-३ मेदाम्लाचा स्वस्त आणि चांगला स्रोत आहे.

४. ट्रायग्लिसराइड : ऊर्जेची कोठी

ग्लिसरॉलच्या रेणूला तीन हायड्रॉक्सिल गट असतात. प्रत्येकाशी एक मेदाम्ल इस्टर बंधाने जोडले गेले की ट्रायग्लिसराइड तयार होते आणि पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात. तेल आणि चरबी दोन्ही ट्रायग्लिसराइडेच. सामान्य तापमानाला द्रव असेल तर तेल, घन असेल तर चरबी, एवढाच व्यवहारातला भेद.

महाराष्ट्रातील आणि इथली काही तेले शेजारी ठेवून पाहू. तिळाच्या तेलात ओलिइक आणि लिनोलिइक आम्लांचे प्रमाण जवळपास सारखे आणि दोन्ही मिळून ८० टक्क्यांहून अधिक असते, म्हणून ते थंडीतही वाहते राहते. खोबरेल तेल जवळजवळ संपूर्ण संतृप्त असते. तरी त्याच्या साखळ्या आखूड आणि वेगवेगळ्या लांबीच्या असतात, त्यामुळे ते २४ अंशांच्या आसपास वितळते. पुण्या-नाशिकच्या थंडीत खोबरेलाची बाटली गोठते, कावेरीच्या खोऱ्यात हा अनुभव क्वचित येतो. कोकमाच्या बियांतील मेद याहून वेगळा. त्याच्या बहुतांश रेणूंत ग्लिसरॉलच्या दोन कडांना स्टिअरिक आणि मध्ये ओलिइक आम्ल असते. ही मांडणी इतकी एकसारखी असते की मुठेल सुमारे ४० अंशांपर्यंत घट्ट राहते. खोलीत ते ठिसूळ वडीसारखे असते आणि त्वचेवर चोळल्यावर मऊ होते. कोकणात भेगाळलेल्या टाचांना ते लावतात, त्यामागे हा वितळबिंदू आहे.

ऊर्जा साठवण्यासाठी सजीवांनी मेदच का निवडला, हे आकडेमोड करून पाहू. १ ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, १ ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४. समजा एखाद्या व्यक्तीच्या शरीरात १० किलो मेद आहे. त्यातील ऊर्जा ९०,००० किलोकॅलरी. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवायची तर ९०,००० भागिले ४, म्हणजे २२.५ किलो ग्लायकोजेन लागेल. पण ग्लायकोजेन स्वतःबरोबर पाणी धरून ठेवतो. दर ग्रॅमला २ ग्रॅम पाणी धरले तरी एकूण वजन ६७.५ किलो होते. म्हणजे १० किलोच्या जागी ६७.५ किलो. मेदाजवळ पाणी टिकत नाही, म्हणून तो कोरडा आणि आटोपशीर साठा ठरतो. बियांत तेल असते तेही यासाठीच. तिळाच्या इवल्याशा दाण्यात रोप उजेडात येईपर्यंतची शिदोरी भरायची असते, आणि दाण्याच्या वजनाचा निम्मा भाग तेलाचाच असतो.

साबणीकरण : ट्रायग्लिसराइड अल्कलीबरोबर उकळले की ग्लिसरॉल आणि मेदाम्लाचा क्षार, म्हणजेच साबण, मिळतो. १ ग्रॅम तेलाच्या साबणीकरणाला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅम म्हणजे साबणीकरण अंक. एका ट्रायग्लिसराइडला या अल्कलीचे ३ मोल लागतात आणि तिचे मोलवस्तुमान ५६.१ आहे. तीनही मेदाम्ले ओलिइक असतील तर ट्रायग्लिसराइडचे मोलवस्तुमान सुमारे ८८५. म्हणून साबणीकरण अंक = ३ × ५६.१ × १००० ÷ ८८५ = सुमारे १९०. तीनही लॉरिक असतील तर मोलवस्तुमान सुमारे ६३९ आणि अंक सुमारे २६३. प्रयोगशाळेत तिळाच्या तेलाचा अंक १९० च्या आसपास आणि खोबरेलाचा २५० च्या वर येतो. थोडक्यात, साबणीकरण अंक साखळीची सरासरी लांबी सांगतो : अंक मोठा तर साखळी आखूड. द्विबंधांची संख्या कळण्यासाठी आयोडीन अंक काढतात. खोबरेलाचा तो १० च्या खाली, तर जवसाच्या तेलाचा १७० च्या वर असतो.

५. दूध : पाण्यात तरंगणारा मेद

कुंभकोणम् 'डिग्री कॉफी'साठी प्रसिद्ध आहे. नावाची एक प्रचलित उपपत्ती अशी की, पाणी न घातलेले, दुग्धमापीवर योग्य अंश दाखवणारे दूध वापरून केलेली ती डिग्री कॉफी. ही उपपत्ती मान्य असो वा नसो, दुग्धमापीमागचे विज्ञान समजून घेण्यासारखे आहे, कारण महाराष्ट्रातल्या लाखो दूध उत्पादकांचा पैसा त्यावर ठरत आला आहे.

दूध हे मेदाच्या सूक्ष्म गोलकांचे पायस आहे. प्रत्येक गोलकाभोवती फॉस्फोलिपिड आणि प्रथिने यांचे पातळ आवरण असते, म्हणून गोलक एकमेकांत मिसळून जात नाहीत. ताक घुसळताना आपण हे आवरण फोडतो आणि लोणी वर येते. दुग्धमापी मोजते ते फक्त दुधाचे घनत्व. दुधातील शर्करा, प्रथिने व क्षार घनत्व वाढवतात, तर मेद पाण्यापेक्षा हलका असल्याने ते कमी करतो. आता कोणी साय काढून घेतली तर घनत्व वाढेल. मग त्यात पाणी घातले तर घनत्व पुन्हा पहिल्या जागी येईल. दोनदा लबाडी झाली आणि दुग्धमापी मात्र 'शुद्ध' म्हणते! म्हणून घनत्वाबरोबर मेदही वेगळा मोजावा लागतो. गर्बर पद्धतीत सल्फ्युरिक आम्लाने प्रथिने विरघळवून गोलकांचे आवरण नष्ट करतात आणि नळी यंत्रात फिरवून वर आलेला मेदाचा थर मोजतात. संकलन केंद्रावर 'फॅट' आणि 'एसएनएफ' असे दोन आकडे लागतात त्याचे कारण हे. आजची इलेक्ट्रॉनिक यंत्रे वेगळ्या तत्त्वांवर चालतात, पण हे दोन आकडे तेच राहिले आहेत.

६. वनस्पती तूप आणि ट्रान्स मेद

मुंबईत शिवडी येथे १९३२ साली वनस्पती तुपाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि १९३७ पासून 'डालडा' हे नाव घरोघरी गेले. प्रक्रिया अशी : द्रव तेलात निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडायचा. काही द्विबंध एकेरी होतात, तेल घट्ट होते, टिकते आणि तुपासारखे दिसते. मात्र उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर आणखी एक गोष्ट घडते. काही द्विबंध उघडतात, पण हायड्रोजन न घेता पुन्हा मिटतात, आणि मिटताना सिसऐवजी ट्रान्स होतात. तिसऱ्या भागातील इलायडिक आम्ल आठवा. द्विबंध असूनही ते संतृप्त मेदाम्लासारखे वागते.

अशी मेदाम्ले आहारात आली की रक्तातील अपायकारक एलडीएल वाढते आणि उपकारक एचडीएल घटते. हृदयरोगाशी त्यांचा संबंध आता भक्कमपणे सिद्ध झालेला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व मेदांतील औद्योगिक ट्रान्स मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. अणूंची संख्या न बदलता केवळ एका बंधाची दिशा बदलल्याने किती फरक पडतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

इथे तीळ पुन्हा भेटतो. वनस्पती तूप आणि साजूक तूप यांची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन सरकारने घातले होते. तिळाच्या तेलात सेसमोलिन नावाचे संयुग असते. त्यापासून सुटणारे सेसमोल, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याबरोबर गुलाबी-लाल रंग देते. ही बोडोइन चाचणी. तुपाच्या नमुन्यात हा रंग आला की त्यात वनस्पती मिसळले असल्याचा संशय पक्का होतो. शुद्ध तुपाची दुसरी खूण म्हणजे ब्युटिरिक आम्लासारखी आखूड साखळीची, वाफेबरोबर उडणारी मेदाम्ले. ती रायकर्ट-माइसल अंकावरून मोजतात. गुरांना सरकी खाऊ घालतात त्या कपाशीच्या पट्ट्यात हा अंक नैसर्गिकरीत्याच कमी येतो. म्हणून नियमांत या भागांसाठी वेगळी किमान मर्यादा ठेवलेली होती. अन्यथा भेसळ न करणारा वैदर्भीय गवळीही दोषी ठरला असता.

७. मेणे

लांब साखळीचे मेदाम्ल आणि लांब साखळीचे अल्कोहोल यांचे इस्टर म्हणजे मेण. मधमाशीच्या मेणात १६ कार्बनचे पामिटिक आम्ल आणि ३० कार्बनचे अल्कोहोल यांचे इस्टर प्रमुख असते. दोन्ही बाजूंना लांब सरळ साखळ्या असल्याने ते ६२ ते ६४ अंशांपर्यंत घन राहते. केळीच्या किंवा विड्याच्या पानावर पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळतात ते पानावरच्या मेणचट थरामुळे. हा थर नसता तर उन्हाळ्यात पान काही तासांतच वाळून गेले असते.

कुंभकोणम्‌जवळच्या स्वामिमलै येथे चोळकाळापासूनच्या परंपरेतील पंचधातूच्या मूर्ती आजही ओततात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचे थर, मग आच देऊन मेण बाहेर आणि त्या पोकळीत धातूचा रस. मूर्तिकार मेणात राळ आणि थोडे शेंगदाणा तेल मिसळतात. रसायनाच्या भाषेत त्याचा अर्थ असा : राळेने मेणाला कठीणपणा येतो, तर तेलाचे वाकलेले रेणू मेणाच्या सरळ साखळ्यांमध्ये शिरून त्यांची घट्ट बांधणी सैल करतात आणि मेण बोटांनी घडवता येते. साखळ्यांच्या मिश्रणातून हवा तेवढा मऊपणा मिळवण्याची ही युक्ती पेशीसुद्धा वापरते.

८. फॉस्फोलिपिडे आणि पेशीपटल

ट्रायग्लिसराइडमधील एका मेदाम्लाच्या जागी फॉस्फेट गट आणि त्याला जोडलेला कोलीनसारखा ध्रुवी रेणू आला की फॉस्फोलिपिड तयार होते. त्याचे डोके जलस्नेही आणि दोन शेपट्या जलद्वेषी असतात.

साबणाच्या रेणूला एकच शेपटी असते. डोके रुंद आणि शेपटी अरुंद, म्हणजे शंकूसारखा आकार. शंकू एकत्र ठेवले तर गोळा बनतो. म्हणून साबण पाण्यात गोलाकार पुंज करतो आणि तेलकट मळ त्यात अडकतो. फॉस्फोलिपिडाला दोन शेपट्या असल्याने त्याचा आकार दंडगोलासारखा होतो. दंडगोल शेजारी शेजारी ठेवले तर सपाट थर बनतो. असे दोन थर शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून चिकटले की द्विस्तर तयार होतो. त्यासाठी कोणतेही विकर लागत नाही, ऊर्जाही लागत नाही. पहिल्या भागातील एन्ट्रॉपीचे तत्त्व ते काम करते.

द्विस्तराचा पहिला ठोस पुरावा १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी दिला. त्यांनी लाल रक्तपेशींतील लिपिडे काढून पाण्यावर एकरेणवी थरात पसरवली. थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. म्हणजे प्रत्येक पेशीभोवती दोन थर. पुढे १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी प्रवाही मोझेइक प्रतिकृती मांडली. तिच्यानुसार लिपिडांच्या या द्विस्तरात प्रथिने रुतलेली असतात आणि दोन्ही घटक पटलाच्या प्रतलात सरकू शकतात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने या पटलाकडे विद्युतरोधक म्हणूनही पाहावे. विश्रांत चेतापेशीच्या पटलावर सुमारे ७० मिलिव्होल्ट विभवांतर असते. हे ऐकायला क्षुल्लक वाटते. पण पटलाची जाडी फक्त ५ नॅनोमीटरच्या आसपास असते. ०.०७ व्होल्ट भागिले ५ नॅनोमीटर केले तर विद्युतक्षेत्र दर मीटरला सुमारे १.४ कोटी व्होल्ट येते. कोरडी हवा दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टला दाद देते आणि ठिणगी पडते. म्हणजे हवा जिथे हार मानते त्याच्या चौपटीहून अधिक क्षेत्र हा मेदाचा पातळ पडदा आयुष्यभर पेलतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज जातात, सोडियमचा आयन किंवा ग्लुकोज जात नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारे लागतात. ही निवड नसती तर चेतासंदेश नसते, हृदयाचा ठोका नसता.

पटल फार सैल झाले तर गळते, फार घट्ट झाले तर प्रथिने हलत नाहीत. म्हणून थंडीत अनेक जीवाणू, वनस्पती आणि मासे आपल्या पटलात असंतृप्त साखळ्यांचे प्रमाण वाढवतात. मूर्तिकार मेणात तेल घालतो तसेच हे. प्राण्यांत हा समतोल राखायला कोलेस्टेरॉल मदत करते.

फॉस्फोलिपिडांशी जीवनमरणाचा संबंध नवजात बालकात दिसतो. फुप्फुसाच्या वायुकोशांना आतून फॉस्फोलिपिडांचा थर असतो. तो पृष्ठताण कमी करतो, म्हणून श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून बसत नाहीत. फार लवकर जन्मलेल्या बाळात हा थर पुरेसा तयार झालेला नसतो आणि प्रत्येक श्वास त्याला पहिल्या श्वासाइतका कष्टाचा पडतो. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हे कारण दाखवले. आज असे लिपिड श्वासनलिकेतून थेट देता येते आणि त्यामुळे असंख्य बाळे वाचतात.

कोरोना विषाणूलाही बाहेरून असेच लिपिड द्विस्तराचे आवरण असते. साबणाचे शंकूसारखे रेणू त्या दंडगोलांच्या रांगेत घुसतात आणि आवरण फुटते. २० सेकंद हात धुण्याच्या सूचनेमागे एवढे साधे रसायन होते. पुण्यात जेनोव्हा कंपनीने विकसित केलेल्या आणि जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळालेल्या एमआरएनए लशीत नाजूक एमआरएनए पेशीत पोहोचवण्याचे काम लिपिडयुक्त सूक्ष्मकणांनीच केले.

९. कोलेस्टेरॉल आणि स्टेरॉइडे

कोलेस्टेरॉलची रचना आतापर्यंतच्या लिपिडांहून वेगळी आहे. त्यात एकमेकांना जोडलेली चार कडी, एक छोटी शेपटी आणि एक हायड्रॉक्सिल गट असतो. एकूण कार्बन २७. शरीराला लागणारे बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच, मुख्यतः यकृतात, तयार करते. त्यापासून पित्तक्षार, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन बनतात. त्याच्या एका पूर्वसंयुगावर त्वचेत सूर्यप्रकाश पडला की ड जीवनसत्त्व तयार होते.

मग भीती कशाची? कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ते प्रथिनांच्या वेष्टनात, लिपोप्रथिनांच्या रूपात फिरते. एलडीएल ते ऊतींकडे नेते, एचडीएल जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणते. एलडीएलचे कण दीर्घकाळ जास्त राहिले तर धमनीच्या भिंतीत साचतात. पेशी एलडीएल कसे उचलते याचा उलगडा करणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे ग्राहक म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे लिहिलेले असते. कोलेस्टेरॉल हे मुख्यतः प्राण्यांतले संयुग आहे. वनस्पतीच्या कोणत्याही तेलात ते नगण्यच असते, आणि जुन्या वनस्पती तुपातही ते नव्हते. तरीही ते तूप रक्तातले एलडीएल वाढवत होते. पिशवीवर पाहायचे ते संतृप्त आणि ट्रान्स मेदाचे आकडे. तसेच एकच तेल पुन्हा पुन्हा तापवले की द्विबंधांच्या जागी ऑक्सिडीकरण होऊन ध्रुवी संयुगे साचतात. तळणीच्या तेलात अशी संयुगे २५ टक्क्यांहून अधिक असू नयेत, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. काळपट, फेसाळणारे आणि धूर लवकर सोडणारे तेल फोडणीला 'वाया जाऊ नये' म्हणून वापरण्यात बचत नाही.

सारांश

लिपिडांची व्याख्या पाण्याशी न जमणाऱ्या त्यांच्या स्वभावावरून होते. साखळीची लांबी, द्विबंधांची संख्या आणि त्यांची दिशा यांवरून तेल, चरबी आणि ट्रान्स मेद यांत फरक पडतो. एक शेपटी असेल तर साबणाचा पुंज, दोन असतील तर पेशीपटल. ऊर्जेचा साठा, उष्णतारोधन, जलरोधन, पटलबांधणी, संप्रेरके आणि जीवनसत्त्वांचे वहन ही लिपिडांची मुख्य कार्ये. मेद हा शत्रू नाही. कोणता मेद, किती आणि किती वेळा तापवलेला, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

स्वाध्याय

१. तीनही मेदाम्ले लिनोलिइक असलेल्या ट्रायग्लिसराइडचे मोलवस्तुमान ८७९ आहे. एका द्विबंधाला आयोडीनचा एक रेणू (२५४) लागतो. १०० ग्रॅम मेदाला लागणारे आयोडीनचे ग्रॅम, म्हणजेच आयोडीन अंक, काढा. (उत्तर : सुमारे १७३)
२. ओलिइक आणि इलायडिक आम्लांच्या वितळबिंदूंतील फरकाचे कारण आकृती काढून स्पष्ट करा.
३. साय काढून पाणी घातलेले दूध दुग्धमापीने का ओळखता येत नाही?
४. घरी करून पाहा : खोबरेल, शेंगदाणा, तीळ आणि करडई ही तेले छोट्या वाट्यांत घेऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कोणते गोठते, कोणते गढूळ होते, कोणते तसेच राहते, हे नोंदवा आणि तिसऱ्या भागातील वितळबिंदूंच्या आधारे कारण लिहा.